आधी कुंडीत बोट, मग हातात पेन

मार्च महिन्यातली गोष्ट. नागपुरात आमच्या त्रिमूर्तीनगरच्या गल्लीत रविवारी एक काका झाडांचा ठेला घेऊन येतात. त्यांच्याकडूनच घेतलेली पीस लिलीची कुंडी हातात धरून मी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरले. पानं पिवळी, देठ बुडाशी मऊ, मातीला कुबट वास. तीन महिन्यांत मेलेलं हे माझं तिसरं झाड होतं. काकांनी कुंडी उचलून वजन पाहिलं, मातीत बोट घातलं आणि विचारलं, "ताई, रोज पाणी टाकून राहिल्या काय?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही."

"पाणी नका ना टाकू रोज. रोज बोट टाका. बोट ओलं निघालं तर तशीच राहू द्या कुंडी. कोरडं निघालं तर टाका पाणी."

विचारायला गेले होते झाडाबद्दल, पण जिना चढताना डोळ्यांसमोर माझी वही होती.

मी घरून भाषांतराचं काम करते. कोर्टाचे आणि जमिनीचे कागद: खरेदीखतं, मृत्युपत्रं, वाटणीपत्रं. दिवसाचे आठ तास दुसऱ्याचे शब्द. संध्याकाळी स्वतःचं लिहायचं म्हणून मी नियम केला होता, रोज ५०० शब्द. माझ्या आत्याची नागपूरच्या महाल भागात खानावळ होती, तिच्यावर एक मोठी गोष्ट लिहायची होती. अकरा पानं झाली आणि ती थांबली. मी मात्र नियम पाळत राहिले. रोज रात्री बसायचे आणि ओतायचे. काही महिन्यांनी वही उघडायचीच भीती वाटू लागली. शंभरी पार केलेल्या आपल्या विदर्भ साहित्य संघात कार्यक्रमाला गेले की "काय लिहून राहिल्या सध्या?" हा प्रेमाचा प्रश्न यायच्या आधी मी जिना उतरून झाशी राणी चौकात पोचलेली असायचे. असं दीड वर्ष चाललं.

आज ती गोष्ट ६८ पानांवर आहे. मधल्या काळात मी काय केलं ते इथे सांगते. लिहायची इच्छा आहे, वेळही निघतो, पण टेबलाशी बसल्यावर हात चालत नाही, अशा माणसासाठी हे आहे. झाडांची आवड नसली तरी चालेल. मलाही नव्हती. घरात जिवंत काहीतरी असावं एवढंच वाटायचं.

झाड का?

झाड एका जागी असतं, रोज थोडंसं बदलतं आणि आपल्याला काही विचारत नाही. टेबलाशी येण्यासाठी मला असंच एक कारण हवं होतं, ज्यात माझी परीक्षा नव्हती. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं लक्ष देण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक ओढून-ताणून लावलेलं लक्ष, जे थकतं. दुसरं पानं, ढग, वाहतं पाणी यांच्याकडे आपोआप जाणारं. हे दुसरं चालू असताना पहिल्याला विश्रांती मिळते, असं त्यांचं म्हणणं. दिवसभर सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा तपासून झाल्यावर मनीप्लांटच्या पानाकडे पाहत पाच मिनिटं उभं राहिलं की मला ते अंगावर कळतं.

दुसरी गोष्ट काळजी घेण्याची. १९७६ साली एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. एका मजल्यावरच्या आजी-आजोबांना सांगितलं, स्वतःचे निर्णय तुम्हीच घ्या, हे झाड निवडा आणि त्याची काळजीही तुम्हीच घ्या. दुसऱ्या मजल्यावर झाडं दिली, पण पाणी नर्स घालतील असं सांगितलं. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि आनंदी दिसली. फक्त झाडामुळे तसं झालं असं म्हणता येत नाही, कारण निर्णयाची मोकळीकही सोबत दिलेली होती. पण मला त्यातून एक धागा सापडला. म्हणून माझ्या घरात कुणी मायेनं जरी माझ्या कुंड्यांना पाणी घालू लागलं तर मी हात धरते. ते काम दुसऱ्याकडे गेलं की माझं टेबलाशी येणंही जातं.

हवा शुद्ध होईल म्हणून मात्र झाडं घेऊ नका. घरातली झाडं हवा शुद्ध करतात असं ज्यावरून म्हणतात, तो १९८९ चा नासाचा प्रसिद्ध अभ्यास बंद पेट्यांमध्ये केलेला होता. दारं-खिडक्या असलेल्या खोलीत दोन-चार कुंड्यांनी तसा फरक पडत नाही.

तीनच झाडं

सुरुवातीला तीन. सात-आठ घेतलीत तर पाहणं मागे पडतं आणि नुसती पाणी घालायची पाळी उरते.

पहिलं भराभर बदलणारं हवं. त्यासाठी मनीप्लांटसारखं दुसरं नाही. शेजारच्या कुणाकडूनही एक वेल मागा. वेलीवर जिथे पान फुटतं तिथे जाडसर गाठ असते. गाठीच्या खाली बोटभर अंतरावर स्वच्छ कात्रीनं कापा, गाठ पाण्यात बुडेल आणि पानं वर राहतील अशी बाटलीत ठेवा. पावसाळ्यात आठ-पंधरा दिवसांत पांढरी मुळं येतात. गाठ नसलेला नुसता देठ ठेवलात तर पान हिरवं राहतं, पण वेल वाढत नाही. बाटली काचेची घ्या. मुळं दिसणं हाच तर त्यातला आनंद आहे, आणि रोज लिहिण्याजोगं काहीतरी त्यातून निघतंच.

दुसरं हळू चालणारं. स्नेक प्लांट घ्या. महिना-महिना काही घडत नाही आणि एके सकाळी मातीतून भाल्याचं टोक वर आलेलं दिसतं.

तिसरं वासाचं असू द्या. माझ्याकडे गोडलिंब आहे. पुण्या-मुंबईकडे त्याला कढीपत्ता म्हणतात. तुम्हाला गवती चहा किंवा पानओवा जवळचा वाटत असेल तर तो घ्या. यांना ऊन लागतं, म्हणून त्यांची जागा खिडकीच्या अगदी कडेला किंवा गॅलरीत. वासाच्या झाडानं माझं काय केलं ते पुढे सांगते.

घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर मनीप्लांट आणि पीस लिली उंचावर ठेवा. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं तर तोंडाची आग होते आणि सूजही येते.

आता जागा. निदान मनीप्लांट आणि स्नेक प्लांट लिहायच्या टेबलावरच हवेत, मान वर केली की दिसतील असे. माझी गॅलरी पश्चिमेला आहे. नागपुरात मार्चपासून दुपारी पश्चिमेचं ऊन पानं भाजून काढतं. पूर्वेची खिडकी असेल तर उत्तम. नसेल तर खिडकीला हिरवी नेट लावा. दर चार-पाच दिवसांनी कुंडी पाव वळसा फिरवा. उजेडाकडच्या बाजूपेक्षा सावलीकडच्या बाजूला ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक जास्त साठतं, त्या बाजूच्या पेशी लांबतात आणि झाड उजेडाकडे वाकतं. कुंडी फिरवली की दोन-तीन दिवसांत शेंडा परत वळलेला दिसतो. तेही वहीत लिहायचं.

बोट

हा भाग नीट वाचा. माझ्या हिशेबी सगळं इथेच आहे.

सकाळी चहाआधी टेबलाशी या. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, साधारण दोन इंच. वरची माती फसवते. नागपूरच्या हवेत वरचा थर दुपारपर्यंत वाळून पांढुरका होतो आणि खाली चिखल असतो. बोटाला गारवा लागला, माती चिकटली, तर पाणी नाही. बोट कोरडं आणि भुरभुरीत निघालं, तर तळाच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत घाला. ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. स्नेक प्लांटचं गणित वेगळं आहे. त्याची माती तळापर्यंत कोरडी होऊ द्यायची. थंडीत महिना-महिना पाणी लागत नाही.

रोज पाणी घातल्यानं झाड का मरतं ते मला पुष्कळ उशिरा समजलं. मुळांना हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत ती असते. त्या पोकळ्या कायम पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग सडतात. सडलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून वरची पानं मान टाकतात. आणि मान टाकलेलं झाड हुबेहूब तहानलेल्या झाडासारखं दिसतं! आपण आणखी पाणी घालतो. माझी तिन्ही झाडं अशीच गेली.

लिहिण्याचंही माझ्याकडून हेच झालं होतं. गोष्ट मान टाकून पडली, ती मला आळसासारखी दिसली आणि मी जास्त ओतलं. ५०० चे ७०० केले, रात्री दीडपर्यंत बसले. खरं तर आत्याबद्दल मला जे ठाऊक होतं ते अकरा पानांत संपलं होतं. पुढचं आठवायला, कुणाला विचारायला, नुसतं मनात राहू द्यायला थोडी मोकळी जागा हवी होती. ती मी रोज बुजवत होते.

म्हणून आता लिखाणातही आधी बोट घालते. आदल्या दिवशी जिथे थांबले तो शेवटचा परिच्छेद मोठ्यानं वाचते. वाचताना एखादा प्रश्न उठला, "मग ती पोळपाट कुठे ठेवायची?" किंवा "तो मुलगा परत आला का?", तर माती कोरडी आहे आणि त्या दिवशी लिहायचं. काहीच उठलं नाही, वाक्यं नुसती कानावरून गेली, तर अजून ओलं आहे. त्या दिवशी गोष्टीला हात लावत नाही. झाडाची ओळ लिहिते आणि उठते. त्याचा अपराध वाटून घेत नाही, कारण त्या दिवसाचं काम झालेलं असतं. बोट घालणं हेच काम.

सलग आठ-दहा दिवस ओलंच लागलं तर कुंडीतच दोष आहे असं समजा. झाडाच्या बाबतीत तो बहुधा मातीचा असतो. आपल्याकडे शेतावरून आणलेली काळी माती तशीच कुंडीत भरतात. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. एक भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठ-दोन मूठ जाड रेती असं मिसळा. मातीची कुंडी घेतलीत तर भिंतींतूनही पाणी उडतं, नवशिक्याला ती सोपी. गोष्टीच्या बाबतीत काय करायचं ते शेवटाकडे येतं.

वही

शंभर पानी साधी वही घ्या. महाग, जाड कागदाची घेतलीत तर तिच्यात चांगलंच लिहायला हवं असं दडपण येतं. पेन दोरीनं वहीला बांधून ठेवा. मोबाइलवर नको, कारण बोटाला माती लागलेली असते.

क्रम असा: बोट, मग पाहणं, मग एक ओळ, आणि सगळ्यात शेवटी पाणी. पाणी आधी घातलंत तर काम झाल्यासारखं वाटून ओळ राहून जाते. मी हे दोन्ही प्रकारे करून पाहिलं आहे.

ओळीत तारीख, झाड आणि कालपासून झालेला बदल. पहिले पंधरा दिवस सुंदर, छान, टवटवीत, मोहक हे शब्द बंद. मोजा. रंग सांगायचा तर घरातल्याच एखाद्या वस्तूशी लावून सांगा. माझ्या वहीतल्या काही ओळी देते:

८ जुलै. मनीप्लांटचं नवं पान अजून सुरळीत. रंग वरणाला हळद कमी पडली की येतो तसा.

११ जुलै. सुरळी उलगडली. पानाला मधोमध घडी राहिली आहे, नव्या साडीला राहते तशी.

१५ जुलै. बाटलीत चौथं मूळ. पहिली तीन खाली गेली, हे आडवं निघालं.

२० जुलै. स्नेक प्लांट. काही नाही.

ती शेवटची ओळही लिहायचीच. "काही नाही" असं चौदा दिवस लिहिल्यानंतर पंधराव्या दिवशी आलेलं टोक तुम्हाला दिसतं. न लिहिणाऱ्याला ते दोन बोटं वर आल्यावर दिसतं.

एक ओळ लिहून झाल्यावर दुसरी आपणहून आली तर लिहा. तिसरी आली तर तीही. पण ओढून आणू नका. सुरुवातीला माझं तीन आठवडे एका ओळीवरच भागलं. मग २ ऑगस्टची सकाळ आली. गोडलिंबाचं एक पान तुटून मातीत पडलं होतं. ते चुरडून वास घेतला आणि लिहिलं: "गोडलिंबाचं खालचं पान गळलं. देठाकडे पिवळं, टोकाकडे हिरवं. आत्या फोडणीत पानं टाकताना दुसऱ्या हातानं पदर तोंडापुढे धरायची."

पदराचं मला दोन वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. त्यामागून खानावळीचं मागचं आंगण आलं, तिथलं गोडलिंबाचं झाड, आणि महिनाअखेर पैसे नसलेला उमरेडकडचा एक मुलगा. तो रविवारी सकाळी लवकर यायचा आणि गोळाभाताच्या फोडणीसाठी डहाळ्या तोडून, पानं निवडून, धुऊन ठेवायचा. आत्यानं त्याला कधी पैसे मागितल्याचं मला आठवत नाही, आणि त्यानंही आपणहून पानं निवडण्याचं कधी थांबवलं नाही. उभ्या-उभ्या दोन पानं झाली. चहा निवला. त्यातलं पहिलं गोष्टीचं बारावं पान होतं.

त्या सकाळी मी गोष्ट लिहायला बसलेच नव्हते. बसले असते तर "आत्या अतिशय मायाळू होती" असंच काहीतरी लिहिलं असतं. झाडाची ओळ लिहिताना नजर एका पानावर असते, आणि अशा एका पानावरूनच मला आत जाता आलं. म्हणून वासाचं झाड तुमच्या लहानपणाच्या घरातलं असावं असा माझा आग्रह आहे. तुमच्या आजीच्या परसात जे होतं ते घ्या.

शनिवार

शनिवारी मनीप्लांटच्या बाटलीचं पाणी बदलायचं. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. कूलरच्या टाक्या आपण कोरड्या करतो, पण बाटली आणि कुंडीखालची ताटली विसरतो. म्हणून आठवड्याचा वार ठरलेला बरा. बाटली आतून घासून घ्या, शेवाळ काढा.

बाटली पालथी वाळत असते तेवढ्या वेळात आठवड्याच्या सात ओळी वाचायच्या. जिथे थांबावंसं वाटेल त्या शब्दाखाली रेघ ओढायची. दुरुस्ती करायची नाही. महिन्याला तीन-चार रेघा निघाल्या तरी पुष्कळ. माझ्या खानावळीच्या गोष्टीतली निम्मी प्रकरणं अशा रेघांतून निघाली आहेत.

याच दिवशी पानांची मागची बाजू पाहा. कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या कापसानं पुसून काढा आणि एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, दोन-चार थेंब भांड्याचा साबण मिसळून सूर्य मावळल्यावर फवारा. आठवड्यानं पुन्हा.

आपला उन्हाळा

दुसऱ्या गावच्या लोकांनी लिहिलेले सल्ले इथे निम्मेच लागू पडतात. मे महिन्यात पारा ४५ वर जातो आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, झाड वाढीचं काही मनावर घेत नाही, तग धरतं. गॅलरीतल्या कुंड्या भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा. बोट सकाळ-संध्याकाळ दोनदा. कूलरच्या खोलीतल्या कुंड्यांची माती मात्र उशिरा सुकते, कारण तिथली हवा दमट असते. एकाच घरात दोन ऋतू असतात, म्हणून दोन्हीकडे बोट घालूनच ठरवा. आणखी एक, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. ते कुंडीत गेलं तर मुळं भाजतात. रात्री बादली भरून ठेवा, सकाळी साडेपाच-सहाला घाला. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी वापरू नका, त्यात क्षार जास्त असतात. खत देऊ नका. कुंडी बदलू नका. ते सगळं मृग लागल्यावर, पहिले दोन-चार पाऊस पडून गेल्यावर.

मी लिखाणाचंही असंच धरते. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फक्त एक ओळ. त्या दिवसांत नवं प्रकरण सुरू करत नाही. इथल्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता, पंख्याखाली घामानं वही चिकटत असताना मनासारखं काही लिहून झालं नाही म्हणून स्वतःला दोष देत मी बरीच वर्षं काढली. आता जुलै ते फेब्रुवारी हे माझे लिहायचे महिने आहेत.

थंडी लहान असते, पण तिला हलकी समजू नका. २९ डिसेंबर २०१८ च्या सकाळी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तेव्हा माझ्याकडे कुंड्या नव्हत्या, पण सासूबाईंची गॅलरीतली तुळस काळी पडलेली मी पाहिली. अशा रात्री कुंड्या आत घ्या आणि पाणी कमी करा.

झाड गेलं तर

जाईल. माझी अजूनही जातात. फेकण्याआधी कुंडी वर्तमानपत्रावर उलटी करा, मुळं पाण्यानं धुवा आणि पाहा. पांढरी, टणक मुळं जिवंत असतात. तपकिरी, ओढल्यावर साल निघून धागा उरणारी मेलेली. वहीत मागे जाऊन शोधा, पहिलं पिवळं पान कोणत्या तारखेला दिसलं आणि मी तेव्हा काय केलं. मग वेलीवर एखादी हिरवी गाठ उरली असेल तर तेवढी कापून पाण्यात ठेवा.

माझी ती थांबलेली अकरा पानं मी याच रीतीनं उघडली. लाल पेन घेऊन प्रत्येक परिच्छेदाशी विचारलं, टणक की मऊ? तीन परिच्छेद टणक निघाले: आत्या पहाटे चूल पेटवते तो, भाड्याच्या खोलीवरून झालेलं भांडण, आणि पितळी डबा हरवतो तो. बाकीची आठ-नऊ पानं मी जुन्या वहीतच राहू दिली आणि हे तीन नव्या वहीत हातानं उतरवले. ज्यांच्या गोष्टीची माती सलग ओलीच लागते आहे त्यांनी हेच करावं. फाडायचं नाही, जाळायचं नाही, जिवंत गाठ तेवढी काढून घ्यायची.

यात एक खबरदारी घ्या. पिवळ्या कडांच्या स्नेक प्लांटचं पान कापून मातीत रोवलं तर दोन-तीन महिन्यांनी त्याला नवं झाड फुटतं, पण ते साधं हिरवं. पिवळी कड येत नाही. ती हवी असेल तर कुंडी रिकामी करून, मातीखालच्या कंदासकट फुटवा वेगळा करावा लागतो. मी आधी आत्याच्या गोष्टीचं सार तेवढं काढून पुन्हा लिहायला गेले होते: विधवा बाई, कष्ट, खानावळ. झाड उगवलं, पण कोणाच्याही आत्याचं. त्या तीन परिच्छेदांतले तिचे शब्द, तिची "बापा, जेवून तर जा" ही हाक, खोलीचं भाडं, डब्याचं झाकण हे सगळं मातीसकट उचललं तेव्हा ती तिच्यासारखी दिसू लागली.

एका रात्रीसाठी

सहा महिने झाले, तीन झाडं टिकली, की चौथं आणा, ब्रह्मकमळ. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. आपल्या घरांतलं हे मूळचं मध्य अमेरिकेकडचं निवडुंग. ज्याला आपण पान म्हणतो ते त्याचं चपटं खोड असतं आणि त्याचाच तुकडा रोवला की झाड होतं. कुणाकडून तरी मागून आणा, विकत घेऊ नका. देणाऱ्याकडे ते पहिल्यांदा कधी फुललं त्याची हकीकत असतेच, ती ऐकून लिहून घ्या.

कळी बरेच दिवस खाली लोंबत असते. मग तिची मान वर वळते. ती वळलेली दिसली की एक-दोन रात्रींत फूल, हे ठरलेलं. त्या संध्याकाळी गॅलरीत चटई टाका, वही घ्या, घड्याळ जवळ ठेवा. अंधार पडल्यावर उमलायला सुरुवात होते, मध्यरात्रीच्या सुमारास ते पूर्ण उघडतं आणि उजाडता-उजाडता मिटतं. दर वीस मिनिटांनी वेळ आणि एक वाक्य. या रात्री विशेषणांवरची बंदी उठवते मी.

आमच्या मजल्यावरच्या काकू, त्यांची नात आणि खालच्या मजल्यावरचे दोघं, सगळे गेल्या ऑगस्टमध्ये चटईवर बसले होते. नात माझ्या वहीत डोकावून म्हणाली, "मावशी, साडेनऊला तुम्ही काहीच नाही लिहिलं." खरंच नव्हतं लिहिलं. बाहेरच्या पाकळ्या मागे वळत होत्या आणि मी पाहत राहिले होते. तिच्या हातात पेन दिलं. तिनं लिहिलं: "९.३०. वास आला. आधी आजीला आला."